नफ्याची बस कंपनीची, तोट्याची कौन्सिलची

इंग्लंडची बस म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना लंडनची लाल डबलडेकर आठवते. ती विसरा. लंडनमध्ये मार्ग, वेळा, भाडं सगळं एक सरकारी संस्था ठरवते. लंडनबाहेर 26 ऑक्टोबर 1986 पासून कारभारच निराळा आहे. 1985 च्या ट्रान्सपोर्ट ॲक्टने बसधंदा खुला करून टाकला. परवाना असलेल्या कंपनीने हवा तो मार्ग नोंदवावा, परवडेनासा झाला की साधारण दहा आठवड्यांची नोटीस देऊन बंद करावा. कंपन्यांनी टाकून दिलेले, पण लोकांना लागणारे मार्ग मग काउंटी कौन्सिलने, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेने, टेंडर काढून चालवून घ्यायचे. तेही खिशात पैसे असतील तर. गरजेचा विचार करा, एवढंच कायदा सांगतो. पैसे कुठून आणायचे ते सांगत नाही.

आम्ही राहतो पूर्व इंग्लंडमधल्या लिंकनशायर काउंटीत, लाउथजवळच्या एका खेड्यात. लाउथची प्रवासी रेल्वे 1970 सालीच बंद झाली. घरात गाडी एक, ती नवरा कामावर नेतो. त्यामुळे बसचं वेळापत्रक मला पंचांगासारखं पाठ आहे.

मी पाटण तालुक्यातली. मुक्कामी गाडी रात्री देवळापाशी येऊन थांबायची आणि पहाटे कॉलेजची पोरं, दुधाचे कॅन घेऊन निघायची. तिचा धंदा किती होत असेल ते सांगायला नको. पण शिवनेरी आणि ती मुक्कामी गाडी एकाच महामंडळाच्या वहीत असतात, एकीची कमाई दुसरीच्या डिझेलला लागते. एसटीचं दुखणं मला ठाऊक आहे, 2021-22 च्या संपात आमच्या भागाचे जे हाल झाले तेही ठाऊक आहेत. तरी ती एक वही फार मोलाची. इथे 1986 मध्ये ती फाडून दोन केल्या. लिंकन शहर ते समुद्रकाठचं स्केगनेस असा बरा मार्ग एका वहीत, आमच्यासारखी खेडी दुसऱ्या.

मागे गावच्या हॉलमध्ये कौन्सिलचे लोक नकाशे घेऊन आले होते. तिथे एका अधिकाऱ्याला मी विचारलं, आमची बस पावणेदहाला जाऊन एकच्या सुमाराला का परत येते? संध्याकाळी का नाही? त्याने सरळ उत्तर दिलं: शाळा. आठ वर्षांखालचं मूल शाळेपासून दोन मैलांपलीकडे आणि त्यावरचं तीन मैलांपलीकडे राहत असेल, तर त्याला फुकट ने-आण करणं कौन्सिलवर कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी गाडी आणि ड्रायव्हर घ्यावाच लागतो. सकाळी पोरं सोडली की दुपारी परत आणेपर्यंत ती गाडी मोकळी. त्या मोकळ्या वेळात खेड्यांच्या बाजारहाटाची फेरी बसवली की थोडक्या खर्चात भागतं. संध्याकाळची फेरी हवी तर ड्रायव्हरची वेगळी शिफ्ट धरावी लागते. म्हणजे आमच्या खरेदीची वेळ शाळेच्या घंटेवर ठरते. मला हे उत्तर आवडलं. निदान खरं होतं.

बसची वेळ अडकवणारी दुसरी खुंटी साडेनऊची. इंग्लंडात सर्वसामान्यांनाही मिळणाऱ्या सरकारी पेन्शनचं वय झालं की बसचा पास मिळतो आणि देशभर लोकल बस फुकट. मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतरच. बस नऊ पंचवीसला लावली तर अर्धे आजी-आजोबा चढणारच नाहीत. आमच्या थांब्यावर काठी टेकून उभ्या असलेल्या एक आजी पास हातात धरूनच असतात, ड्रायव्हर दिसला की आधी घड्याळ दाखवतात, मग पास.

जिथे ठरलेली बस परवडतच नाही, तिथे लिंकनशायरचं कॉलकनेक्ट. छोटी बस, मार्ग ठरलेला नाही. आधी फोन करून किंवा ॲपवर सांगायचं: कुठून, कुठे, किती वाजता. मग संगणक सगळ्यांच्या मागण्या जुळवून त्या दिवसाचा मार्ग आखतो. ऐकायला झकास, आणि चालतंही बरं. पण फोनवरची बाई बहुतेकदा म्हणते, "दहाची नाही जमत, अकरा वीसची चालेल का, लव्ह?" बसला मार्ग नसला तरी आसनं मोजकीच असतात. बाजाराच्या दिवशीची जागा पटाईत लोक आठवडाभर आधी धरून ठेवतात.

याच्याही खाली शेवटचा थर, ज्याला इथे कम्युनिटी ट्रान्सपोर्ट म्हणतात. बिननफ्याच्या संस्था, वेगळं परमिट, मिनीबस किंवा स्वतःची कार घेऊन येणारे निवृत्त स्वयंसेवक. त्यांना मैलामागे पैसे मिळतात, पण 2011 साली ठरलेली 45 पेन्सची करमुक्त मर्यादा पेट्रोल चढत गेलं तरी वर्षानुवर्षं तिथेच राहिली. खरी गोम लायसन्सात आहे. 1 जानेवारी 1997 पूर्वी कारची परीक्षा पास झालेल्यांना मिनीबसची मुभा आपोआप मिळाली. नंतरच्यांना, हलक्या गाड्यांचे अपवाद सोडले तर, वेगळी परीक्षा. जुन्यांनाही सत्तरीला ती मुभा टिकवायची तर डॉक्टरची तपासणी. म्हणजे म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणारे ड्रायव्हरही म्हातारेच, आणि मागून येणारी फळी विरळ. एका मिनीबसच्या मागे पाटी पाहिली: ड्रायव्हर पाहिजेत. बसमध्ये लोक होते.

मँचेस्टरने सप्टेंबर 2023 ते जानेवारी 2025 या काळात टप्प्याटप्प्याने बसचा ताबा परत आपल्या हाती घेतला. मला ते पटतं. पण तिथे दाट वस्ती आहे, ताब्यात घेण्यासारखे भरलेले मार्ग आहेत. इथे दोन गावांमध्ये कोबीची शेतंच शेतं. एक वही परत शिवली तरी जमेच्या बाजूला लिहिणार काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. बसच्या एका फेरीच्या भाड्यावर सरकारने घातलेली मर्यादा 2023-24 मध्ये दोन पौंड होती, 2025 पासून तीन. लोकांना आवडली. पण जी बसच नाही तिचं भाडं स्वस्त होऊन उपयोग काय?

लिंकनला शिकायला येणाऱ्या बऱ्याच मुलांचे आई-वडील मला मेसेज करून विचारतात, की खेड्यात घरभाडं कमी आहे, तिथे घर भाड्याने घेऊ का. घराचे फोटो नंतर बघा. आधी वेळापत्रक उघडा आणि तळाच्या बारीक टिपा वाचा. "फक्त शाळेच्या दिवशी" अशी टीप असेल तर उन्हाळ्यात सहा आठवडे ती बस नाही. रविवारचा रकाना आहे का पाहा. शेवटची बस किती वाजता ते पाहा आणि लेक्चर त्याआधी सुटतं का ते विचारा. आणि तुम्ही स्वतः भेटायला येणार असाल तर वय कितीही असो, इथला पास मिळत नाही. तो इथे राहणाऱ्यांनाच. तिकिटाचे पैसे वेगळे धरा.