लाडूचा डाव

"दोनदा पोट उघडलंत, तरी मूतखडे येतातच. मग आता करता तरी काय?" लाडूला घेऊन खाली उतरले की हे कुणीतरी विचारतंच. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

लाडू आमचा ल्हासा जातीचा कुत्रा, सहा किलोंचा. पहिल्या वेळी प्रत्येक खांबाशी तंगडी वर करायचा आणि तीन थेंब. आम्हाला वाटलं, हद्द आखतोय. पाचव्या दिवशी फरशीवर गुलाबी डाग दिसले.

ऑपरेशननंतर खडे बाटलीत घालून हातात दिले. दोन हरभऱ्याएवढे, बाकी खडीसाखरेसारखे टोकेरी. कशाचे आहेत ते तिथे कुणी तपासलं नाही, आम्हीही विचारलं नाही. जंतुसंसर्गाचे असतील असं धरून खडे विरघळवणारं खाणं सुरू केलं. सव्वा वर्षात पुन्हा तेच! या खेपेला दुसऱ्या डॉक्टरांनी खडे प्रयोगशाळेत पाठवले. कॅल्शियम ऑक्सलेट निघाले. संसर्गाने होणारे स्ट्रुव्हाइट खडे औषधाने आणि खास खाण्याने विरघळतात, हे विरघळत नाहीत. उलट त्या खाण्याने लघवी आम्लधर्मी होते आणि ऑक्सलेटला तेच मानवतं. त्यात मी पौष्टिक म्हणून पालक घालत होते, आणि पालकात ऑक्सलेट भरपूर.

आईने कुळथाचं कढण केलं. लाडूने हुंगून तोंड फिरवलं, मग ते आम्हीच भातावर घेतलं. वरच्या मजल्यावरच्या काकांनी बिअर सुचवली. कुत्र्याला दारू म्हणजे विष, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

तर करतो एवढंच, लघवी पातळ ठेवतो. कोरडं खाणं बंद. जे देतो त्यात पाणी घालून पेजेसारखं करतो. कधी चिकन उकडलेलं पाणी, मीठ-कांदा-लसूण काही नाही. तुंबलेली लघवी दाट होते, म्हणून रात्री अकराला आणि पहाटे साडेपाचला बाहेर. पावसातही.

आणि लघवीचा नमुना धरायचा तो डाव. स्वयंपाकघरातला जुना स्टीलचा, दांड्याला लाल दोरा बांधलेला, चुकून आमटीत जाऊ नये म्हणून. लाडूने तंगडी वर केली की वाकून, मागून, हळूच पुढे सरकवायचा. घाई केली की तो तंगडी खाली घेतो आणि माझ्याकडे असा बघतो की मलाच लाज वाटावी. वॉचमन आता मान वळवून घेतात. पहिल्या नमुन्याचा दाटपणा (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०४२ होता, डॉक्टरांना १.०२० च्या खाली हवा. गेल्या महिन्यात १.०१८ आला तेव्हा मी पेढे आणले.

एक मात्र ध्यानात ठेवा. नर कुत्रा जोर करतोय आणि थेंबही येत नाही, तर तडक दवाखाना गाठा, रात्र असली तरी. त्याच्या लिंगात हाड असतं, मूत्रनलिका त्याच्या खोबणीतून जाते आणि खडा नेमका तिथे अडकतो.

परवाच्या एक्स-रेत तिळाएवढा ठिपका दिसला. डॉक्टर म्हणाल्या, महिन्याने परत बघू. डाव दाराशी खुंटीला आहे.