गिरगावातली चाळ आणि ‘तीन एफएसआय’चा गैरसमज

गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर या पट्ट्यात पुनर्विकासाची बैठक असली की पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, “आपल्याला तीन एफएसआय मिळतो.” एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण. वाक्य खोटं नाही, पण दाट वस्तीच्या चाळीत त्याचा उपयोग फारसा नाही. तिथे प्लॉटच्या मीटरांपेक्षा भाडेपावत्यांची संख्या जास्त ठरवते, आणि त्याहून जास्त ठरवते ती जमिनीवर उरणारी जागा.

2018 साली लागू झालेल्या डीसीपीआर 2034 मध्ये, म्हणजे मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत, शहर विभागाचा मूळ एफएसआय 1.33 आहे. प्लॉटसमोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर नियम 30 खाली तेवढ्यावरच थांबायचं. 9 ते 12 मीटरचा रस्ता असेल तर प्रीमियम (जादा बांधकामासाठीचं शुल्क) भरून 0.50 आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) घेऊन 0.17, म्हणजे एकूण 2.00. आता 400 चौरस मीटरचा प्लॉट, तळमजला अधिक तीन मजले आणि 15 चौरस मीटरच्या (सुमारे 160 फुटांच्या) 40 खोल्या अशी चाळ घ्या. नुसत्या खोल्याच 600 चौरस मीटर झाल्या. त्यात गॅलरी, जिना, भिंती धरा, म्हणजे आकडा सहज 800 च्या पुढे जातो. उभी असलेली चाळच दोनच्या वर गेलेली आहे. म्हणून अशा ठिकाणी नियम 30 बाजूला ठेवून उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींसाठीच्या नियम 33(7) कडे जावं लागतं.

33(7) म्हणतो: एकूण प्लॉटवर 3.00, किंवा जुन्या रहिवाशांच्या पुनर्वसनाला लागणारा एफएसआय अधिक त्याच्या 50 टक्के प्रोत्साहन (विकासकाचा विक्रीचा वाटा), यातलं जे जास्त असेल ते. घोळ होतो तो या ‘किंवा’पाशी. वरच्या चाळीचा हिशेब करून पाहू. प्रत्येक निवासी भाडेकरूला किमान 27.88 चौरस मीटर म्हणजे 300 चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतली वापराची जागा). 40 गुणिले 27.88 म्हणजे 1115 मीटर. भिंतींसाठी ढोबळ 20 टक्के वाढवले की 1338. त्याचे निम्मे 669. बेरीज 2007 मीटर, म्हणजे एफएसआय पाचच्या थोडा वर. तीनच्या हिशेबाने 1200 मीटरच मिळाले असते, त्यात पुनर्वसनसुद्धा बसलं नसतं. खोल्या 40 ऐवजी 20 असत्या तर मात्र ‘तीन’चा पर्याय वरचढ ठरला असता. आपल्या इमारतीला कुठला पर्याय लागू होतो हे पावत्या मोजल्याशिवाय सांगणाऱ्या विकासकाचं बोलणं तिथेच थांबवावं.

या 2007 वर 35 टक्के फंजिबल, म्हणजे एफएसआयच्या वर मिळणारं जादा क्षेत्र. रहिवाशांच्या वाट्याला ते प्रीमियमशिवाय मिळतं, विक्रीच्या वाट्यासाठी प्रीमियम भरावा लागतो. गिरगावात सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘405 फूट’ हा आकडा इथून येतो: 300 गुणिले 1.35. आणि बैठकीतली भांडणंही इथूनच सुरू होतात. 160 फुटांची खोली असलेल्याला 405 मिळतात आणि 320 फुटांच्या डबल रूमवाल्याला 432. नियमाने दोघांनाही न्याय दिला आहे, पण डबल रूमवाल्याला ते पटवून देणं सोपं नाही. त्याला जादा जागा हवी असेल तर ती विक्रीच्या हिश्श्यातून, वाटाघाटी करून; ‘नियमात बसवून घ्या’ म्हणण्यात अर्थ नाही. दुकानदारांना तर किमान क्षेत्राची हमीच नाही. जेवढं दुकान होतं, त्यावरच हिशेब. निवासी जागेला 120 मीटरची कमाल मर्यादाही आहे, पण चाळीत तिची वेळ येत नाही.

सगळा हिशेब भाडेकरूंच्या यादीवर उभा आहे आणि ती यादी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ प्रमाणित करतं. 13 जून 1996 नंतर निर्माण केलेली नवी भाडेदारी मोजली जात नाही. एका पावतीची खोली दोन भावांनी मध्ये पार्टिशन टाकून वाटून घेतली असेल तरी ती एकच. पोटमाळ्यावर तिसरं बिऱ्हाड राहतं म्हणून तो वेगळा गाळा ठरत नाही. पगडीने खोली घेतली आणि पावती अजून मयत आजोबांच्या नावावर आहे, ही तर घरोघरची गोष्ट. ते हस्तांतर विकासक ठरवण्याआधी करून घ्यावं. नंतर त्याच कागदासाठी अख्ख्या इमारतीची एनओसी अडकते. 51 टक्के रहिवाशांची लेखी संमती लागते आणि ती मागे घेता येत नाही. त्यामुळे सही करण्याआधी नकाशा, क्षेत्राचा तक्ता आणि घरभाड्याची अट हातात असलीच पाहिजे.

आता खरा पेच. 2007 अधिक फंजिबल म्हणजे 2710 मीटर. ते 400 मीटरच्या प्लॉटवर कसं उभं करायचं? चारही बाजूंची मोकळी जागा सोडून निम्मा प्लॉट बांधला असं धरू: मजल्याचं क्षेत्र 200 मीटर. त्यातून जिने, लिफ्ट, लॉबी, डक्ट यांना 65 मीटर तरी जातात. उरले 135. म्हणजे 20 मजले घरांचे, खाली पार्किंगचे वेगळे. 32 मीटर उंची ओलांडली की इमारत हायराइज ठरते आणि अग्निशमन दलाच्या अटी चढत जातात: दुसरा जिना, रेफ्यूज एरिया (आगीच्या वेळी थांबायची सुरक्षित जागा), बंबाला वळायला मोकळी जागा. बाजूच्या मोकळ्या जागेत प्रीमियम भरून सवलत मिळवता येते. बंबाच्या बाबतीत तशी लवचीकता फारशी नसते, आणि नसावीच. गल्लीत टेम्पो उलटा घ्यायला पाच माणसं लागतात, तिथे हा मुद्दा कागदी नाही.

पार्किंगचा हिशेबही करून पाहा. 45 चौरस मीटरपर्यंतच्या चार घरांमागे एक गाडी, म्हणजे पुनर्वसनाच्या 40 घरांना 10. विक्रीच्या 60 ते 90 मीटरच्या फ्लॅटला प्रत्येकी एक. असे 12 फ्लॅट निघाले की आणखी 12, शिवाय पाहुण्यांच्या. बाविसाहून जास्त गाड्या 400 मीटरवर रॅम्पने चढत नाहीत, मग मेकॅनिकल टॉवर येतो. त्याची वीज आणि देखभाल पुढे सोसायटीच्या बिलात दिसते, पुनर्वसनातल्या गाडी नसलेल्या आजींच्याही. कराराच्या वेळी हे वेगळं लिहून घेणारे फार थोडे असतात. त्यात रस्तारेषेचा सेटबॅक (रस्ता रुंद करायला सोडायची पट्टी) असेल तर एफएसआय एकूण प्लॉटवर मोजला गेला तरी त्या पट्टीवर इमारत उभी राहत नाही. 16 मीटर दर्शनी बाजूवर दीड मीटर गेला की 24 चौरस मीटर जागा हातची गेली.

म्हणून शेजारच्यांशी बोलणं. दोन ते पाच प्लॉट एकत्र आले तर प्रोत्साहन 50 वरून 60 टक्के होतं, सहा किंवा जास्त असतील तर 70. तशाच चार चाळी एकत्र केल्या: प्लॉट 1600 मीटर, भाडेकरू 160, पुनर्वसन 5353, प्रोत्साहन 3212. फंजिबलसह सगळं मिळून 11,562. मजल्याचं क्षेत्र 800, त्यातून जिने-लिफ्टचे 130 वजा. घरांचे मजले 17-18 वर येतात, आणि प्रत्येक चाळीमागे विक्रीयोग्य क्षेत्र 903 वरून 1084 मीटर होतं. मजले कमी होऊन विक्री वाढते, असा योग या हिशेबात दुसरीकडे कुठे येत नाही. अडचण एकच: प्लॉट 1000 मीटरच्या वर गेला की मनोरंजनाची मोकळी जागा सोडावी लागते, 2500 पर्यंत 15 टक्के. इथे ती 240 मीटर. तळमजल्याचा आराखडा या जागेपासून सुरू करावा. सगळं बसवून शेवटी ती शोधायला गेलं की वास्तुविशारद पार्किंग उचलून वर नेतो.

आणखी मोठं काही करायचं असेल तर 33(9), समूह विकास. त्यासाठी शहरात किमान 4000 मीटर क्षेत्र लागतं. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवर तो चालू आहे. पण वेगवेगळ्या मालकांच्या, ट्रस्टांच्या, वारसांच्या भांडणातल्या चाळींची 4000 मीटरची सलग जुळणी करणं हे नियोजनापेक्षा सोयरीक जमवण्यासारखं काम आहे.

नकाशावर पेन्सिल टेकवण्याआधी आणखी दोन गोष्टी तपासून घ्या: प्लॉट हेरिटेज यादीत किंवा परिसरात आहे का, आणि मेट्रो 3 चा बोगदा किती जवळून जातो. गिरगाव आणि काळबादेवी या दोन्ही ठिकाणी स्थानकं जमिनीखाली आहेत. बोगद्याजवळ पाइलिंग किंवा तळघर करायचं तर मेट्रोची एनओसी लागते. तळघरात पार्किंग दाखवलेला सुंदर आराखडा याच एका कागदापायी परत काढावा लागतो.