उबुंटूवर मॅटप्लॉटलिब: रफार अखेर जागेवर

वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा हा नुसत्या डोळ्यांनी टिपता येणारा रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा तारा. १७८४ मध्ये जॉन गुडरिकने त्याचा बदल ओळखला. साधारण ३.५ ते ४.४ प्रतींच्या (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) दरम्यान ५.३६६ दिवसांत त्याचं एक आवर्तन पूर्ण होतं. उजळतो झपाट्याने, मंदावतो सावकाश. शेजारच्या झीटा आणि एप्सिलॉन या ताऱ्यांशी तुलना करून घेतलेल्या नोंदींचा आलेख मला मॅटप्लॉटलिब या पायथन भाषेतल्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीने, उबुंटू लिनक्सवर, मराठीत हवा होता. आकाशनिरीक्षणाला येणारी शाळेतली मुलं तो वाचणार आहेत, म्हणून शीर्षकापासून अक्षांपर्यंत सगळं मराठीतच.

पहिली अडचण किरकोळ निघाली. आलेखाची खिडकीच उघडेना, आणि चालू बॅकएंड (चित्र प्रत्यक्ष काढणारा भाग) 'एग' असून तो खिडकी दाखवू शकत नाही असा इशारा येई. 'एग' फक्त फाइलमध्ये चित्र काढतो. खिडकी उघडायला लागणारं टीकेइंटर उबुंटूच्या पायथनसोबत आपोआप येत नाही. 'पायथन३-टीके' हे पॅकेज ॲप्ट या उबुंटूच्या इन्स्टॉलरने टाकलं, खिडकी उघडली.

खरी झुंज अक्षरांशी होती. मॅटप्लॉटलिबचा मूळ फॉन्ट डेजाव्हू सान्स. त्यात देवनागरी नाही, त्यामुळे शीर्षकाच्या जागी चौकटीच चौकटी. टर्मिनलवर 'ग्लिफ २३५७' सापडत नसल्याची तक्रार. हा 'व'चा युनिकोड क्रमांक. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट बसवला, जुनी फॉन्ट-यादी कॅशमधून काढून टाकली, फॉन्टचं नाव सेटिंगमध्ये दिलं. तक्रारी थांबल्या.

पण इशारा थांबला म्हणजे मजकूर बरोबर आला, असं मुळीच नाही! 'दिवस'मधली वेलांटी 'द'च्या मागे जाऊन बसली. 'वृषपर्वा'तला रफार 'व'च्या डोक्यावर चढलाच नाही. पाय मोडलेला 'र' आणि त्यापुढे सुटा 'व'. फॉन्टमध्ये सगळं आहे, दोष मांडणीचा आहे. माझ्याकडची मॅटप्लॉटलिबची ३.८ ही आवृत्ती फ्रीटाइप या फॉन्ट वाचणाऱ्या लायब्ररीकडून एकेक अक्षरचिन्ह घेते आणि ज्या क्रमाने टाइप झालं त्याच क्रमाने ओळीत ठेवते. वेलांटी आधी आणणं, रफार चढवणं, जोडाक्षर घडवणं हे हार्फबझसारख्या अक्षरजुळणी करणाऱ्या इंजिनचं काम, आणि ते या वाटेवर कुठेच नाही. देवनागरीला थेट आधार नसल्याची सूचनाही अक्षर गहाळ असेल तेव्हाच मिळते. योग्य फॉन्ट दिला की तीही गप्प होते, हे मला फार घातक वाटतं. मराठी न वाचणारा माणूस तोच आलेख बिनदिक्कत छापून मोकळा होईल.

उपाय एसव्हीजी या चित्र-फाइलच्या प्रकारात मिळाला. एरवी एसव्हीजी साठवताना अक्षरांचे आकार रेषा म्हणून कोरले जातात. 'एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप' या सेटिंगला 'नन' दिलं की मजकूर मजकूर म्हणूनच फाइलमध्ये राहतो आणि मांडणीचं काम फाइल उघडणाऱ्यावर जातं. फायरफॉक्समध्ये उघडलं आणि 'वृषपर्वा' वहीत लिहावा तसा दिसला! तीच फाइल इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममधून पीडीएफ केली. ते करायलाच हवं, कारण एसव्हीजीत फॉन्ट सोबत जात नाही. दुसऱ्याच्या संगणकावर तो नसेल तर भलताच फॉन्ट येतो.

एक खोट उरली आहे. आलेखातल्या खुणांचा अर्थ सांगणाऱ्या सूचीच्या चौकटीची रुंदी मॅटप्लॉटलिब आपल्या सुट्या अक्षरांच्या हिशेबानेच मोजतं, त्यामुळे रफाराच्या शब्दांपुढे चौकट थोडी रिकामी राहते. सध्या सूचीची चौकट काढून टाकली आहे. अक्षांवरचे आकडे मात्र सोपे: देवनागरी अंकांना जोडणी लागत नाही, आकडे कसे लिहायचे ते ठरवणाऱ्या फॉरमॅटरमध्ये अंक बदलून दिले की झालं. प्रतीचा अक्ष उलटा करायला विसरू नका. लहान प्रत म्हणजे तेजस्वी तारा.

आता एमपीएलकैरो हा मॅटप्लॉटलिबचा दुसरा बॅकएंड बसवतो आहे. तो राक्म ही अक्षरजुळणीची लायब्ररी वापरून अक्षरं जुळवतो, म्हणजे खिडकीतही मराठी नीट दिसायला हवी. ते जमलं की ययाती तारकासमूहातल्या अल्गॉल या, जोडीदाराच्या ग्रहणामुळे मंदावणाऱ्या ताऱ्याच्या नोंदी घेईन. त्याचं आवर्तन २.८६७ दिवसांचं, आणि ग्रहणाची घसरण व पुन्हा उजळणं मिळून साधारण दहा तास.