लाल-काळा रॉबिन

"मामा, रॉबिनचा हिरवा रंग कुठे गेला?" आज दुपारी भाच्याने पान उलटता उलटता विचारलं आणि मी अडकलोच.

टीन टायटन्स या तरुण सुपरहिरोंच्या कॉमिकचे 2006 चे अंक. सुपरबॉय गेलाय, वंडर गर्लने टीम सोडलीय, सायबॉर्ग वर्षभराने शुद्धीवर येतो तर टीमच बदललेली. आणि टिम ड्रेक, म्हणजे तेव्हाचा रॉबिन, बॅटमॅनचा साथीदार, मेलेल्या मित्राचे, सुपरबॉयचे, लाल-काळे रंग अंगावर घालून फिरतोय, वर गुपचूप त्याचा क्लोन बनवायचा खटाटोप, फसला की परत, परत फसला की परत.

भाचा म्हणाला, "म्हणजे त्याने शर्ट ठेवून घेतला."

आजोबांचा स्वेटर दोन वर्षं याच्याच कपाटात आहे. बाह्या लोंबतात तरी घालतो. आम्ही हसायचो ना त्याला?