उपग्रहचित्रातला करडा ढग

हवामान केंद्रातल्या नोकरीचे माझे दुसरे वर्ष होते आणि जुलै महिन्यातली रात्रपाळी होती. सातारा जिल्ह्याच्या घाटभागासाठी दुपारी दिलेला ऑरेंज इशारा कायम ठेवायचा की खाली आणायचा, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता. रात्री दृश्य प्रकाशातले उपग्रहचित्र मिळत नाही, त्यामुळे सारी भिस्त इन्फ्रारेड चित्रावर असते. त्या चित्रात ढगाचा माथा जितका थंड, म्हणजे जितका उंच, तितका तो पांढराशुभ्र दिसतो. उणे साठ अंशांच्या खालचा शुभ्र ठिपका दिसला की आम्ही सावध होतो. त्या रात्री सह्याद्रीवर मात्र नुसता करडा, सपाट पट्टा पसरलेला होता. रेडारवरचे प्रतिध्वनीही मामुली होते आणि संगणकावर हवामानाचे गणित मांडणारे मॉडेल मध्यम पाऊस दाखवत होते. तिन्ही साक्षीदार एकच सांगत आहेत म्हटल्यावर मी वरिष्ठांना फोन केला, म्हणजे खरे तर माझे मत त्यांना पटवून दिले, आणि इशारा यलोवर उतरवला.

सकाळी साडेआठच्या वेधानंतर, म्हणजे हवामानाच्या नोंदीनंतर, घाटमाथ्यावरच्या निरीक्षकांचा फोन आला. माझ्या वडिलांच्या वयाचे ते गृहस्थ मला साहेब म्हणत आणि मी त्यांना काका. त्यांनी चोवीस तासांच्या पावसाचा आकडा सांगितला, तो मी दोनदा विचारून घेतला. 204.5 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला की त्याची नोंद अत्यंत मुसळधार अशी होते, आणि हा आकडा त्या रेषेच्या बराच वर होता. घाटरस्त्यावर दरड येऊन वाहतूक थांबली होती. सुदैवाने कोणाला इजा झाली नव्हती.

"काका, पण ढग तर अगदी खालचे होते," मी म्हणालो.

"साहेब, खालचे कसले, रात्रभर अंगणातच होते. बॅटरी मारली तर समोरचा पर्जन्यमापक दिसत नव्हता."

ती पाळी संपवून मी घरी गेलो नाही. साऱ्या साक्षी पुन्हा काढून बसलो तेव्हा लक्षात आले, की तिन्ही साधनांची चूक एकाच ढगात दडलेली होती. समुद्रावरून आलेला जोरदार पश्चिमी वारा, जो साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत वेगवान असतो, सह्याद्रीच्या भिंतीवर आपटून वर चढत होता आणि त्यातून अखंड ढग तयार होत होते. या ढगांचा माथा गोठणपातळीच्या, म्हणजे जिथे तापमान शून्य अंशावर येते त्या, पावसाळ्यात सुमारे पाच किलोमीटरच्या उंचीच्या आसपासच राहतो. त्यातून पाऊस पडायला बर्फ लागत नाही. सूक्ष्म जलकण एकमेकांवर आदळून, जुळून थेंब होतात. माथा उबदार, म्हणून उपग्रहाला तो करडा दिसला.

रेडारची गोष्ट मला अधिक झोंबली, कारण ती पुस्तकात शिकलेली होती. दीडशे किलोमीटरवर रेडारचा सर्वांत खालचा झोतही त्याच्या किंचित वर कललेल्या कोनामुळे आणि पृथ्वीच्या वक्रतेमुळे जमिनीपासून अडीच किलोमीटरहून वर गेलेला असतो. शिवाय परत येणारी लहर थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असते. दोन मिलिमीटरचा एक थेंब एक मिलिमीटरच्या चौसष्ट थेंबांइतका चमकतो, पण पाणी मात्र आठच थेंबांचे धरतो. घाटातला पाऊस बहुधा बारीक पण दाट थेंबांचा असतो. पाणी पुष्कळ आणि चमक थोडी, असा तो प्रकार.

मॉडेलला मी फारसा दोष देत नाही. मॉडेल नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचे एकच गणित करते, आणि त्या वेळच्या जागतिक मॉडेलचा एक चौकोन साधारण 12 किलोमीटरचा होता. एवढ्या चौकोनात कोकणाकडचा उभा कडा आणि माथा यांची सरासरी होऊन डोंगर बुटका होतो आणि किलोमीटर-दोन किलोमीटर रुंदीचा ढग तर त्यात मावूनही वेगळा दिसत नाही. अशा ढगांचा एकत्रित परिणाम मॉडेल चौकोनातल्या सरासरी तापमान, आर्द्रता आणि वाऱ्यावरून सूत्रांनी अजमावते. 2025 मध्ये आलेल्या भारत फोरकास्ट सिस्टीम या नव्या मॉडेलचा चौकोन 6 किलोमीटरचा आहे. सुधारणा मोठी आहे, तरी एकेकटा ढग त्याहूनही लहानच असतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही यंत्राच्या माथी मारता येत नाही. ढगांचे आच्छादन आम्ही आकाशाचे आठ भाग कल्पून 0 ते 8 या अंकांत नोंदवतो आणि आकाशच दिसत नसेल तर 9 लिहितो. आदल्या दिवशी सायंकाळी साडेपाचच्या वेधात काकांनी 9 लिहिले होते. मी तो अंक पाहिला होता, "धुके, माहिती नाही" असे मनाशी म्हणालो होतो आणि पुढच्या ओळीवर गेलो होतो. वाऱ्याचा नकाशाही शेजारच्याच पडद्यावर उघडा होता.

दुपारच्या पत्रकात इशारा पुन्हा ऑरेंज झाला. ते पाठवण्यापूर्वी मी काकांना फोन लावून विचारले, "आता पर्जन्यमापक दिसतो का?"

"नाही साहेब," ते म्हणाले, "अजून नऊच."