फोत्तेयो कांडू: भरतीबरोबर आत

मालदीवच्या वावू अटॉलच्या (कंकणाकृती प्रवाळबेटांच्या) पूर्व कडेला फोत्तेयो कांडू आहे. खुला महासागर आणि अटॉलच्या पोटातलं लगून यांना जोडणारी ही खिंड, म्हणजेच कांडू. भरती लागली की महासागराचं पाणी या तोंडातून आत घुसतं. त्याच्याबरोबर प्लवक, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, येतं, प्लवकामागे छोटे मासे, माशांमागे शार्क. म्हणून इथे उतरायचं ते पाणी आत जात असतानाच. ओहोटीला लगूनचं गढूळ पाणी बाहेर पडतं आणि प्रवाह डायव्हरला खुल्या समुद्राकडे लोटतो.

आम्ही मार्चमध्ये गेलो. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या या दिवसांत प्रवाहाचा कल पूर्वेकडून पश्चिमेकडे असतो, त्यामुळे पूर्वेकडच्या खिंडींत नितळ निळं पाणी मिळतं. त्यात पौर्णिमा तोंडावर आलेली, म्हणजे उधाण. आमचा गाइड याच दिवसाची वाट पाहत होता.

धोणी (मालदीवी होडी) थांबल्यावर तो आधी एकटा पाण्यात उतरला आणि प्रवाह बघून वर आला. "आत जातोय, चांगला जोर आहे. बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) रिकामं करूनच उडी मारा. वर कोणी रेंगाळायचं नाही." पृष्ठभागावर जोडीदाराची वाट पाहत अर्धा मिनिट जरी घालवला, तरी खिंडीचं तोंड मागे राहतं. उडी मारल्या क्षणापासून डोकं खाली, कानांवरचा दाब सोडवत, कान मोकळे करत थेट खडकाच्या दिशेने. ज्यांचे कान सावकाश सुटतात त्यांच्यासाठी हा डाइव्ह नाही.

खिंडीच्या ओठाशी पोचलो तेव्हा मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर खोली २८ मीटर होती. मालदीवमध्ये डायव्हिंगची मर्यादा ३० मीटरची, त्यामुळे हाताशी फारसं अंतर नव्हतं. मेलेल्या खडकाची कपार शोधून रीफ हूक (प्रवाहात जागी राहण्यासाठीचा दोरी बांधलेला हूक) अडकवला, बीसीडीत किंचित हवा भरली आणि दोरी ताणून अधांतरी राहिलो. श्वासाचे बुडबुडे वर जायच्याऐवजी आडवे मागे पळत होते. मान वळवली की मास्क थरथरायचा. अशा वेळी चेहरा प्रवाहाकडेच ठेवावा, नाहीतर मास्कमध्ये पाणी शिरतं.

आणि समोर ग्रे रीफ शार्क. माणसाला ज्या पाण्यात पाय मारून जागचं हलता येत नाही, तिथे ते शेपटीच्या एखाद्या हलक्या झटक्यावर स्थिर राहत होते. एक मादी इतकी जवळून गेली की कल्ल्यांच्या पाचही फटी उघडताना-मिटताना दिसल्या. पोटाला चिकटलेला रेमोरा मासाही दिसला. मालदीवने २०१० मध्ये शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली. असा निर्णय घेणाऱ्या देशाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

२८ मीटरवर हवा पृष्ठभागापेक्षा जवळजवळ चौपट वेगाने संपते, आणि दोरीला ताण देत राहिलं की आणखी वेगाने. जोडीतल्या ज्याची हवा आधी ठरलेल्या आकड्यावर येईल, त्याच्याबरोबर दुसऱ्यानेही हूक सोडायचा. यावर पाण्याखाली वाटाघाटी नाहीत.

हूक सुटला आणि आम्ही वाहू लागलो. भिंतीच्या खालच्या पुढे आलेल्या कपारींच्या छताला पिवळे मऊ प्रवाळ लटकलेले. प्रवाह मंदावला की हे आक्रसून बसतात. आज प्रत्येक फांदी फुगलेली, प्रत्येक पॉलिप अन्नासाठी उघडा. जितका जोर जास्त तितका रंग जास्त. वरच्या उथळ भागात मात्र चित्र वेगळं. १९९८ आणि २०१६ च्या उष्ण पाण्याने मालदीवचे कठीण प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. मोडक्या फांद्यांच्या ढिगाऱ्यात नवे, तळहाताएवढे टेबल कोरल (टेबलासारखे सपाट पसरणारे प्रवाळ) धरलेले दिसले तेव्हा फार बरं वाटलं.

पाच मीटरवर सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा सुरक्षेचा थांबा, निळ्या पाण्यात वाहतच केला, कडेला धरायला काही नव्हतं. एसएमबी (आपली जागा दाखवणारा, हवा भरून पृष्ठभागावर सोडायचा नळीसारखा फुगा) आधीच वर सोडला होता. तो प्रत्येकाकडे स्वतःचा असावा आणि वाहत असताना रीळ न गुंतवता सोडता यावा, एवढी तयारी नसेल तर अशा खिंडीत उतरू नये, असं माझं ठाम मत आहे. लाटांमध्ये धोणीवरून डोकं दिसत नाही, नारिंगी नळी दिसते.

तयारी असूनही कांडूत पहिल्यांदाच उतरणार असाल, तर अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडा. भांगाच्या, म्हणजे कमी जोराच्या, भरतीत हीच खिंड पुष्कळ सौम्य असते. शार्क कदाचित कमी दिसतील, पण कपारींमध्ये निवांत डोकावता येईल.