भिंतीला वाफसा येईपर्यंत

सांगली, ऑगस्टअखेर

कृष्णेचं पाणी उतरलं की गावात दोन घाया सुरू होतात. एक गाळ काढायची, दुसरी गणपतीच्या आत घर रंगवून घ्यायची. पहिली हवीच. दुसरीने मात्र घराचं नुकसान होतं, आणि दर पुरानंतर तेच होताना बघून वाईट वाटतं. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. नदी आठवडाभरात पात्रात गेली, पण विटेत मुरलेलं पाणी तिथेच राहिलं. पूर ओसरल्यावर शेतात लगेच कोणी औत घालत नाही, वाफसा यायची, म्हणजे जादा ओल निघून जमीन कसण्याजोगी व्हायची वाट बघतात. भिंतीचंही तसंच आहे. एका बाजूने सुकणाऱ्या विटेच्या भिंतीला इंचाला महिना असा ढोबळ हिशेब धरतात. ९ इंची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असली तरी चार-पाच महिने गेलेच. म्हणजे संक्रांत.

ओल्या जागेवर बुरशी एक-दोन दिवसांत धरते. ती पाण्याच्या खुणेच्या खाली असते तशी वीत-दोन वीत वरही असते, कारण वीट पाणी वर ओढते. कपाटामागे, जिन्याखाली, पलंगाच्या डोक्याशी आधी बघावं. काळे-हिरवे ठिपके, बोट फिरवलं की बुळबुळीत फराटा आणि कुबट वास, ही बुरशी. पांढरा, कापसासारखा फुलोरा दिसला तर त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. विरघळला तर तो लोणा, म्हणजे विटेतले क्षार. लोण्याला ब्लीच मारून काही होत नाही. तो कोरड्या ब्रशने झाडून घ्यावा. धुतला की परत भिंतीत मुरतो.

बुरशीला मात्र कोरडा ब्रश कधीच लावू नये. तिची बीजं धुळीसारखी उडतात आणि घरभर होतात. साफ होईपर्यंत त्या खोलीचा पंखाही बंद ठेवावा. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा एवढं हवंच. दमेकरी, लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांनी त्या खोलीत थांबू नये. आधी स्प्रेने भिंत ओलसर करायची, सुटलेला रंग आणि पोपडे लोखंडी पत्तीने खरवडून थेट पिशवीत भरायचे, मग कपडे धुण्याच्या पावडरीच्या पाण्याने घासून फडक्याने टिपून घ्यायचं. खरी सफाई या घासण्याने होते.

ब्लीचिंग पावडर फरशी, टाइल्स, काच यांना चांगली. लिटरभर पाण्यात १५ ग्रॅम, म्हणजे अंदाजे तीन सपाट चमचे. गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी वापरायचं. दहा मिनिटांनी पुसून काढायचं. द्रावण रोज ताजं करावं. भिंतीवर ती पावडर फासतात ते चुकीचं आहे. प्लास्टरच्या आतल्या बुरशीपर्यंत ती पोचत नाही, आणि तिच्यापासून होणारं कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून भिंत पुन्हा दमट करतं. संडास साफ करायचं अॅसिड तिच्यात चुकूनही मिसळू नये, क्लोरीन वायू निघतो. सागवानी चौकटी, कडीपाटाचं लाकडी छत यांना टाकणखार (बोरॅक्स) बरा: ५० ग्रॅम, लिटरभर कोमट पाण्यात. पुसून, वाळवून हे पाणी ब्रशने लावायचं आणि तसंच राहू द्यायचं.

फुगलेलं प्लायवूड, एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळ्या), कापसाच्या गाद्या टाकून द्याव्यात. बुरशी आलेला कापूस पिंजून घेणं तर नकोच. जीव तुटतो हे खरं, पण त्यातली बीजं उशाशी घेऊन झोपण्यात अर्थ नाही.

सुकवण्याचं गणित हवेवर चालतं. पावसाळी हवेत दिवसभर खिडक्या उघड्या ठेवल्या तर बाहेरचा दमटपणा आत येतो. ऊन असेल तेव्हा दुपारी १२ ते ४ सगळं उघडावं, समोरासमोरच्या खिडक्या धरून पंखा लावावा, संध्याकाळी बंद करावं. हवेची आर्द्रता मोजणारं छोटं मीटर काहीशे रुपयांत मिळतं. आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. बंद खोलीत गॅस किंवा कोळशाची शेगडी पेटवू नये. गॅस जळताना वाफच सोडतो, कोळशातून निघणाऱ्या, न दिसणाऱ्या विषारी वायूने जीव जातो. भिंतीतले स्विचबोर्ड वायरमनकडून उघडून घ्यावेत, वायरींच्या पाइपांत पाणी साठलेलं असतं.

ठोकून पोकळ वाजणारं प्लास्टर ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढावं, म्हणजे विटेला वारा लागेल. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये, आणि "पुढच्या पुरात धुता येईल" म्हणून चार फूट टाइल्स तर अजिबात नकोत. ओल टाइल्सच्या मागून चढते आणि त्यांच्या वरच्या कडेला फुटते. प्लास्टिक पेंट आणि पुट्टी हेच करतात, पाच-सहा महिन्यांत फुगे येतात. साध्या डिस्टेंपरमधला सरस बुरशीचं खाद्य होतो.

गणपतीसाठी भिंत उजळायचीच तर चुन्याची सफेदी द्यावी. ती श्वास घेते, आणि चुना इतका तीव्र अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशी सहसा धरत नाही. चुनकळी, म्हणजे न विरवलेल्या चुन्याचे खडे, लोखंडी डब्यात भिजवावी, उकळी फुटते म्हणून मुलांना लांब ठेवावं. रात्रभर मुरवून फडक्याने गाळून पातळ तीन हात द्यावेत. फेविकॉल घालायचा मोह टाळावा.

पक्का रंग देण्याआधी दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस ठेवावा. आतून दव धरलं तर अजून महिनाभर थांबावं आणि पुन्हा लावून बघावं. उत्तरेच्या भिंती आणि जिन्याखालचा कोपरा शेवटी सुकतो, परीक्षा तिथेच घ्यावी.